धवल्याच्या चालीतले वार

खड्या मिठाची बरणी उघडली, की ठाण्याच्या शाळेतले आमचे इंग्रजीचे मास्तर आठवतात आणि अजून डोकं फिरतं. एकोणीसशे पन्नासच्या आसपासची गोष्ट. मास्तर वारांची इंग्रजी नावं गाऊन पाठ करायला लावायचे. माझी आय मिठागरात राबायची आणि आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळद लावताना धवले गायची. मला गाण्याची तेवढीच चाल ठाऊक. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून संडे-मंडे त्याच चालीत लांबवत गायले.

“अगं, हळद लावायला आलीस का इथे?” मास्तर म्हणाले. वर्ग खदाखदा हसला. आयबरोबर मीठ ओढून चिरलेले तळवे मी घट्ट मिटले. मनात म्हटलं, थांबा मास्तर.

पुढे मीच इंग्रजीची बाई झाले आणि मास्तरांची नात माझ्याच वर्गात आली. तिला सगळे वार मी मुद्दाम धवल्यात शिकवले. स्नेहसंमेलनात ती गायली, तेव्हा म्हातारे मास्तर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवू लागले.

“काय गोड चाल आहे! कुणाची हो, बाई?”

“माझ्या आयची, मास्तर. हळदीतली.”

त्यांचे हात टाळीतच जुळून राहिले. तो नमस्कार मी आयच्या वतीने घेतला.