नांगराचं पहिलं तास

ही माझी पाठची बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणजे आता अठ्ठावन्नची. मी सहावीपर्यंतच शिकलो, पण साबणाच्या कारखान्यात तीस माणसं माझ्या हाताखाली होती, आणि त्या तिसांत एकाच्याही हाताला हिच्या हाताची सर नव्हती. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं.

तिचा नवरा कंबर मोडून अंथरुणाला खिळला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पदरात दीड वर्षाची लेक. सासरचे म्हणाले, जमीन दुसऱ्याला कसायला देऊ. तिने ऐकून घेतलं आणि नांगर धरला. बाईने नांगर धरला म्हणून बांधावर उभं राहून हसणारे पुष्कळ होते. दोन वर्षांनी तेच लोक तिचं तास बघायला येत होते. तास म्हणजे नांगर पुढे गेला की मातीत उमटते ती लांब चर. हिचं तास इतकं सरळ की गावाने तिला ओळंबा म्हणायला सुरुवात केली. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा.

पुढे ट्रॅक्टर आले, नवरा गेला, बैल विकले. सहा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या जुन्या शेतावर संग्रहालय झालं. तिथे काचेच्या कपाटात काही नाही. माणसं जुनी कामं खरोखर करतात आणि शहरातले लोक येऊन बघतात. भात्याशी लोहार, घाण्याशी तेली, आणि नांगरामागे माझी बहीण. बैलजोडीने नांगरणारं माणूस त्यांनी आसपासच्या चाळीस गावांत शोधलं आणि शेवटी हिच्या दारात आले. येणारच होते.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेलो. गोठ्याला लागून तिची खोली: दोन खाटा, एक खिडकी, फळीवर सगळे डबे एका रांगेत. चहा ओतताना तिचं बोट कपाच्या आत होतं. मी म्हटलं, बोट घालून गोड करतेस काय. ती म्हणाली, तुझ्यापुरता एवढा गोड पुरे.

दुपारी तीस-चाळीस पाहुणे आले. ती अर्ध्या नांगरलेल्या पट्ट्यात काम करत होती, आणि मी लोकांना समजावून सांगत होतो. संग्रहालयाच्या मुख्य बाईही ऐकायला थांबल्या. मग मला राहवेना. मी म्हटलं, हे काय नांगरणं आहे? एकदा पहिलं तास पडलं की उजवा बैल त्यातूनच चालतो, पुढचं कुणीही करेल. खरी परीक्षा पहिल्या तासाची. कोऱ्या जमिनीत समोरच्या खुणेवर नजर रोखून जायचं, इकडे नाही, तिकडे नाही. ते हिला करायला सांगा आणि मग दोरी लावून बघा.

बाईंना पटलं. शेजारचा पट्टा कोराच होता. त्यांनी "मावशी" अशी हाक मारून विचारलं. ती बैलांचं जू चाचपत राहिली. मला वाटलं, लाजते आहे. शंभर पावलांवर मी स्वतः काठी रोवली, तिला पांढरा रुमाल बांधला आणि परत आलो. तेव्हा ती हळूच म्हणाली,

"दादा, तू त्या काठीपाशी उभा राहा. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. तुला बोलायला कधी विषय लागलाय?"

जवळचे लोक हसले. मी गेलो आणि मोठ्याने सुरू झालो. कारखान्याचं सांगितलं, तिचं सांगितलं. बैल निघाले, नांगर बाणासारखा येत होता. चाळीसेक पावलांवर ती आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान किंचित कलती, कान माझ्याकडे, डोळे भलतीकडे. वाऱ्याने रुमाल कधीच उडून मागच्या गवतात पडला होता. तिला त्याचा पत्ता नव्हता.

माझी वाचाच बसली. ती पाच-सहा पावलं चालली असेल, जास्त नाही. तेवढ्यात नांगर डावीकडे सरकला.

"दादा," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात.

मी पुन्हा बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, मामा, तुम्ही सांगितलंत ते कमीच होतं.

संध्याकाळी खोलीत तिने सांगितलं. डावा डोळा दीड वर्षापूर्वी गेला. उजव्याने कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. लेकीलाही माहीत नव्हतं. कळलं तर नांगर काढून घेतील, आणि नांगर गेला तर मी इथे कोण, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी इथेच राहतो. कारखाना सुटला, मला काय काम आहे? रोज काठीपाशी उभा राहून मरेपर्यंत बोलेन. मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर तिची खाट रिकामी. ती कालच्या तासातून अनवाणी चालत होती, पाऊल पाऊल. एका जागी थांबली, वाकली, हाताने माती चाचपली. मी जवळ गेलो.

"वीतभर डावीकडे गेलंय," ती म्हणाली. "काल या बाजूला माणसं उभी होती."

"कुणाला दिसलं नाही."

"मलाही नाही दिसलं, दादा."

तशीच मातीच्या पायांनी ती ऑफिसात गेली. मी दाराशी थांबलो, तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. तिने काही न लपवता सांगितलं. म्हणाली, नांगर लोहाराला द्या, त्याच्या मनगटात जोर आहे. बाईंनी विचारलं, मावशी, आणि तुम्ही? ती म्हणाली, मी त्याच्या बरोबर चालेन.

त्याच सकाळी, पाहुण्यांसाठी फाटक उघडायच्या आधी, नांगराच्या मुठीवर लोहाराचा हात होता. ती उजव्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून बाजूने चालली होती. फाळ खोल रुतला की तिला नुसत्या आवाजावरून कळायचं.

"दाबू नकोस," ती म्हणायची. "माती सोडेल तेवढंच घे."

टोकाला पोचल्यावर ती त्या तासातून पायांनी चाचपत मागे आली. लोहार घामाघूम होऊन उभा होता. तिने त्याला ते बुजवायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून काढायला सांगितलं.