वसंत शेवडे यांना नोटीस आली नव्हती

‘कै. वसंतराव शेवडे यांना डॉक्टर म्हणवून घेण्याची हौस होती. जर्मन सरकारची नोटीस आल्यावर त्यांनी ती उपाधी निमूटपणे काढून टाकली. तो सल त्यांना अखेरपर्यंत राहिला.’ वसंता जाऊन पाच आठवडे झाले आणि न्युरेम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळाने आपल्या अंकात त्याला ही श्रद्धांजली वाहिली. लिहिणारे गृहस्थ मंडळाचे माजी चिटणीस. विधाने तीन, असत्ये तीन. इतका नेमकेपणा त्यांनी मंडळाच्या कारभारात कधी दाखवला नव्हता. मी तो कागद रद्दीत टाकला असता. पण वसंताची मुलगी ऋता हिने तो कोणाकडून तरी वाचून घेतला आणि मला फोन केला. ‘काका, श्टिम्ट डास? खरंय हे? बाबा लोकांना फसवत होते?’ बापाच्या तेराव्यानंतर महिन्याभरात मुलीला हा प्रश्न पडावा… यानंतर गप्प बसणे मला शोभणारे नाही.

वसंता आणि मी एकाच कारखान्यात चोवीस वर्षे काढली. चोपन्नाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, त्याने एका ब्रिटिश विद्यापीठात डीबीएला, म्हणजे व्यवसाय प्रशासनातल्या डॉक्टरेटला, नाव घातले. मोठे गिऱ्हाईक सोडून गेल्यावर सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने कसे तगतात, हा त्याचा विषय. दर शनिवारी तो आसपासच्या खेड्यांतल्या कारखानदारांकडे जाऊन बसे. पुष्कळदा मीही सोबत असे. एका म्हाताऱ्या मालकाने त्याला विचारले होते, ‘तुम्ही हे लिहिल्याने माझ्या लेथला काम मिळेल?’ ‘नाही,’ वसंता म्हणाला, ‘पण तुमचं काम का गेलं, ते पुढच्याला कळेल.’ पाच वर्षे असे शनिवार घालवणाऱ्याला हौशी कोण म्हणते? ज्यांनी हयातीत आभारप्रदर्शनाहून लांब काही लिहिले नाही, ते.

आपल्याकडे नावापुढे ‘डॉ.’ लावणे म्हणजे फेट्याला तुरा खोवणे. कोणी विचारत नाही, कोणी अडवत नाही. जर्मनीत ती कायद्याची बाब आहे, आणि हक्क नसताना लावणे हा गुन्हा. वसंताच्या पदवीसारखी परदेशी व्यावसायिक डॉक्टरेट इथे जशी मिळाली तशीच, विद्यापीठाच्या नावासह लिहायची, नावापुढे ‘डॉ.’ नाही. त्याने हे घरी सांगितले तेव्हा मी तिथे होतो. कुसुमवहिनी म्हणाल्या, ‘अहो, मग पाच वर्षं केलंत काय?’ ‘अभ्यास केला,’ तो म्हणाला. वाईट वाटले नसेल? वाटलेच. मला सोडायला खाली आला तेव्हा जिन्यात थबकला, ‘या… गेनाऊ, बरोबरच आहे,’ असे स्वतःशीच पुटपुटला, आणि मग कारखान्यातल्या कुठल्याशा पंपाविषयी बोलू लागला. त्याचा सल एवढाच, एका जिन्यापुरता.

त्याच वर्षी गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘प्रमुख पाहुणे डॉ. वसंतराव शेवडे’ असे छापून आले. छापले कोणी? ज्यांनी आज श्रद्धांजली लिहिली, त्याच चिटणिसांनी. वसंताला न विचारता. त्याने सभागृहाच्या दारातच पत्रिकांचा गठ्ठा मागून घेतला, खुर्ची ओढली आणि पेनाने एकेका पत्रिकेवरचे ‘डॉ.’ खोडू लागला. आत आरती खोळंबलेली. चिटणीस हसत म्हणाले, ‘अहो काका, देवनागरीत छापलंय! इथे कोण जर्मन वाचणार आहे?’

‘मी वाचतो आहे,’ वसंता मान वर न करता म्हणाला.

‘आल्झो, म्हणजे तुमचा मान म्हणून घातलं हो…’

‘मग मानासाठी अर्धा गठ्ठा तुम्ही घ्या.’

चिटणिसांनी घेतला नाही. मी घेतला. बहुधा त्याच खाडाखोडीवरून मंडळींनी पुढे नोटिशीची कथा रचली. भीतीपोटी नव्हे, तर कोणी पाहत नसतानाही माणूस नियम पाळू शकतो, ही गोष्ट त्यांच्या अनुभवाबाहेरची असावी.

गेल्या रविवारी ऋता वडिलांची फाइल घेऊन माझ्याकडे आली. तिच्यात परदेशी पदव्यांचे काम पाहणाऱ्या, म्युनिकच्या राज्य मंत्रालयाचे एकच पत्र आहे. त्यावरची तारीख त्या गणपतीच्या तीन महिने आधीची, पदवी हाती आल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यातली. ऋताने ते मोठ्याने वाचायला घेतले आणि पहिल्याच वाक्याशी थांबली. ते वाक्य असे: ‘आपण स्वतः होऊन केलेल्या चौकशीबद्दल आम्ही आभारी आहोत.’