वीस माणसांची सतरंजी

हे लिहायचं मी दोन आठवडे टाळलं, हे आधीच कबूल करतो. खालापूरची हकीकत आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी खरीखरी लिहून दे, असं पाद्रीसाहेबांनी सांगितलं होतं. ती वाचून ते ठरवणार, मार्थामावशीचं खालापूर चालू ठेवायचं की बंद करायचं. पण दौत उघडली की मला नेमकं बाहेर काहीतरी दिसतं.

मार्थामावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. राहते दहिवलीला, मीही तिच्याकडंच असतो. महिन्यातून एकदा ती खालापूरला जाऊन रस्त्याकाठच्या आंब्याखाली येशूच्या गोष्टी सांगते. पाच खेपा झाल्या. ऐकायला एक कुत्रं आलं, तेही भाकरी दिसेना म्हणून उठून गेलं. सहाव्या खेपेला ओझं वाहायला तिनं मला घेतलं. ओझं म्हणजे वीस माणसं बसतील एवढी सतरंजी.

"मावशी, घोंगडीचा तुकडा पुरे की. पाच खेपा कोण आलं?"

"पाच खेपांनी मला काही कबूल केलंय का रं, दान्या? ज्यानं केलंय तो देव म्हणतो, माझा शब्द वाया जायचा नाही. उचल."

चालून पाच तास लागतात. उजाडताच निघालात तर पळसदरीपर्यंत ऊन लागत नाही. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते खुंट. पळसदरीला मी आवळे पाडायला झाडावर चढलो, तोवर मावशी मैलभर पुढं. खोपोलीला वीजघराचे नळ डोंगरावरून उतरलेत, ते जरूर बघा. मी बघत बसलो. समोरच्या हाटेलात आण्याला चहा, दोन आण्याला भजी. हाटेलवाल्याची नजर सतरंजीवर.

"लगीन हाय का रं?"

"नाही, प्रार्थना."

"मान्सं किती येत्यात?"

"आजवर एक कुत्रं."

"मंग ठेव की हितंच. जाताना ने."

मला पटलं. खांदा मोकळा झाला, शीळ घालत निघालो.

खालापूरला मावशीनं माझ्या रिकाम्या खांद्याकडं बघितलं. "कुठाय?"

"खोपोलीला. मावशी, आजवरचा अनुभव बघता..."

"बरं. मग आता त्या अनुभवावरच बस," म्हणाली आणि जमीन दाखवली. जमीन तांबड्या मुंग्यांनी भरलेली.

तासभर कुणी नाही. मग मुंबईकडून एक सर्व्हिस मोटार आली. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मागं कोळशाची भट्टी लावलेली. आंब्यासमोर दोनदा खोकली आणि गप्प झाली. अकरा उतारू खाली उतरले. कोळशानं काळाठिक्कर झालेला ड्रायव्हर भट्टीत डोकं घालून सगळ्या जगाला शिव्या देऊ लागला. सावली तेवढी एकच. मावशी उठली. "या, बसा."

बसा कशावर? अकरा माणसं एक पाय वर, एक खाली करत उभी.

एक म्हातारबा म्हणाले, "बाय, ऐकतो आमी. पन कायतरी हातरायला आनायचं ना!"

मावशीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मुंग्यांपेक्षा तेच जास्त चावलं.

बापाचा पैसा उडवून परमुलखात डुकरं राखत बसलेल्या पोराची गोष्ट तिनं सांगायला घेतली. लोक पोटऱ्यांवर चापट्या मारत होते, पण हलत नव्हते. पोरगा लाजत घराकडं निघाला, बापानं त्याला लांबून बघितलं, आणि भोंगा वाजला!

"चला, भट्टी पेटली!" ड्रायव्हर ओरडला. "राहील त्याला घाट पायी!"

सगळे पळाले. मावशी धुरामागं ओरडत राहिली, "पुढचं ऐकायचं तर दहिवलीला या! मार्था म्हणून कुणालाही विचारा!"

परतताना मी म्हटलं, "साहेबांना काय लिहू? अकरा आले, की अकरा गेले?"

"झालं ते लिही."

"बंद करतील गं."

"करोत. साहेबांना शब्द फिरवता येतो. देवाला तेवढं एक जमत नाही."

घरी आल्यावर मुंग्यांच्या गांध्या चार दिवसांत बसल्या. मनातलं बसलं नाही. पाच खेपा कुणी आलं नव्हतं, यात मी काही खोटं बोललो नव्हतो. पण त्या खेपा होऊन गेलेल्या होत्या, आणि मी त्यांच्या जोरावर सहावीही उरकून टाकली. मावशीचा तो विश्वास माझ्यातही आलाय असं लिहिलं तर खोटं होईल. तिच्यासारखं एकदा तरी जमावं, एवढं मात्र वाटतं. साहेब, बंद करू नका, हे...

थांबा, ओट्यावर कुणीतरी खाकरलं. तोंड धुतलेलं असल्यानं मी आधी ओळखलंच नाही. मोटारीचा ड्रायव्हर दारात उभा आहे, टोपी हातात चुरगाळत.

"मार्थाबाय हितंच ऱ्हातात ना? त्या पोराला बापानं घरात घेतलं का नाय, तेवढं विचारायचं व्हतं."