लोखंडाला भिणारी

आमच्या घरात भुताखेताच्या सिनेमांचा खरा नाद माझ्या सासूला. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, दुपारी या घरात एखादी रडकी मालिका चालत असेल. निघालं भलतंच. जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली की आत्या टीव्हीसमोर पाय पसरून बसायच्या. सासूला मी आत्या म्हणते. मांडीवर सोलायच्या शेंगांनी भरलेलं सूप, आणि समोर हिंदी बोलणारी गोरी भुतं.

आमचं घर पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याजवळच्या एका खेड्यात. नवरा कारखान्यात, सासरे केळीच्या मळ्यात, आणि मी शहाद्याच्या शाळेत मराठी शिकवते. सुट्टीच्या दिवशी मीही आत्यांच्या शेजारी बसायला लागले. बसले ती बसलेच. भीती वाटायची आणि उठवायचंही नाही.

त्यांचा आवडता प्रकार एकच. बाई गरोदर असते आणि तिच्या पोटात बाळाऐवजी भलतंच काहीतरी वाढत असतं. गोष्ट जवळजवळ ठरलेली. नवीन मोठं घर, कामात बुडालेला नवरा, फार गोड बोलणारे शेजारी, सगळं ठीक आहे म्हणणारे डॉक्टर. बाई सगळ्यांना सांगत सुटते की माझ्या पोटात काहीतरी वाईट आहे. सगळे म्हणतात, तिला विश्रांती द्या.

इथे आत्यांचा तोल जायचा. शेंग सोलता सोलता त्या टीव्हीवर खेकसायच्या, "सांगी ऱ्हायनी ना ती! कोनी आयकत काबर नही?" मग रागाचा रोख त्या घराकडे वळायचा. "एवढं मोठं घर, न बाईमाणूस एक बी नही. अशा घरमां भूतच राही ना!" पहिलटकरीण पोर अशी एकटी ठेवतात म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नसे. त्यांच्या मते त्या सैतानाचा काही दोष नव्हता. एकदा त्या ओरडल्या, "हिनी माय कोठे शे?"

मी हसत होते, ती थांबले. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. आत्यांनी जीभ चावली आणि सोललेल्या शेंगांची मूठ माझ्या हातात कोंबली. दोघी पुढे सिनेमा बघत राहिलो.

मला दिवस गेले तेव्हा शेजारपाजारच्या बायकांनी आधी ती दुपारची भुतं बंद करायला लावली. गर्भार बाई जे बघते ते पोटात उतरतं म्हणे. आत्यांनी मुकाट्याने भजनांचं चॅनल लावलं. मला मात्र चेव आला. मी शिकलेली, मला कोण शिकवणार? मी मोबाईलवर, कानात तार खुपसून तेच सिनेमे बघायला लागले, आणि एकटीने बघताना ते वेगळेच दिसायला लागले. शेजारी खेकसणारं कोणी नव्हतं.

मला मातीचे डोहाळे लागले. बाजारातून आणलेली भाजकी माती मी पर्समध्ये ठेवायचे आणि दोन तासांच्या मध्ये तुकडा तोंडात टाकायचे. यात नवीन काही नाही, आमच्याकडे निम्म्या बायका खातात. पण सिनेमातली बाई फ्रिज उघडून कच्चं मांस खाते ते मला आठवायचं आणि दाताखाली माती करकरली की अंगावर काटा यायचा. हे मी मागते आहे की पोटातलं मागतंय?

सोनोग्राफीने तर कळस केला. सिनेमात पडदा बाईच्या समोर असतो. तिला सगळं दिसतं, शिंगं, नखं, जे काय असेल ते. आपल्याकडे पडदा डॉक्टरांकडे वळवलेला असतो. मुलगा की मुलगी हे कळू नये म्हणून. शहाद्याच्या त्या दवाखान्यात थंडगार जेल पोटावर लावून मी आडवी होते आणि मला दिसत होता फक्त डॉक्टरीणबाईंचा चेहरा आणि भिंतीवरची लिंगनिदान होत नसल्याची पाटी. त्या बघत होत्या. "हं," म्हणाल्या. पुन्हा त्याच जागी यंत्र फिरवलं. पुन्हा "हं." मग कागदाने पोट पुसत म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे."

अगदी हेच वाक्य. येताना एसटीत नवरा मोबाईलवर पेढ्यांचे भाव कोणाला तरी विचारत होता आणि मी खिडकीच्या गजाला डोकं टेकून विचार करत होते, त्यांना काय दिसलं असेल?

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझं माहेर नंदुरबारला, पण तिथे वडील आणि भाऊ, चूल पेटवायला बाईमाणूस नाही. म्हणून बाळंतपण सासरीच झालं. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. मुलगी झाली. तिचे कान माझ्या आईसारखे, पाळीला जरा जास्तच लांब. शिंगं नव्हती. मी एकदा चाचपून पाहिली, हे आज लिहितानाही कानशिलं तापतात.

मला वाटलं, सुटले.

घरी आल्यावर आत्यांनी आतली खोली शेणाने सारवून घेतली, बाज टाकली, आणि माझ्या उशीखाली विळा ठेवला. आमच्याकडे त्याला इळा म्हणतात. चारा कापायचा, लाकडी मुठीचा, वापरून पातं चंद्रकोरीएवढं बारीक झालेलं. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड हवंच. लोखंडाला बाहेरचं भितं, ते असलं की बाळाला काही शिवत नाही. सव्वा महिना तो तिथून हलवायचा नाही. माझ्या नवऱ्याच्या वेळीही हाच विळा होता म्हणे.

पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. बाहेर गरम वारा केळीची पानं फाडत होता. लाईट गेली होती. मुलगी माझ्या कुशीत झोपली होती, टाळूवरची कातडी हलत होती. उशी नीट करायला मी हात घातला आणि बोटांना ती लाकडी मूठ लागली.

त्याच क्षणी मला चित्र दिसलं. त्यात विळा होता, मुलगी होती, आणि हात माझाच होता.

मी इतक्या झटक्याने उठले की टाक्यांतून कळ निघाली. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. दोन्ही हात काखेत दाबून धरले. मुलगी झोपलेलीच होती. काहीही झालं नव्हतं. पण मी आता ते बघितलं होतं आणि न बघितल्यासारखं करता येत नव्हतं.

ते चित्र पुन्हा आलं. दुधाला घेतलं की यायचं, तेल लावताना यायचं. मला मुलीला एकटीने धरायची धास्ती बसली. आत्या खोलीत असल्या तरच मी तिला पाजायचे. त्या उठल्या की काहीतरी कारण काढून त्यांच्या हातात मुलगी द्यायचे, "पाठ दुखते," "चक्कर येते." आणि मग रिकाम्या मांडीकडे बघून रडू फुटायचं. लेकरू हवं होतं. जीव जाईल इतकं हवं होतं.

पहिल्यांदा मी विळा कोठीमागे सरकवला. संध्याकाळी उशी उचलताना आत्यांचा आवाज आला, "आठला इळा कोनी काढा?" त्यांनी स्वतःच तो शोधून काढला. विळा पुन्हा उशीखाली आला. दुसऱ्यांदा मी तो गोधड्यांच्या ढिगाखाली घातला, आणि नेमक्या त्याच दिवशी थोरल्या सासूबाई, म्हणजे आत्यांची मोठी जाऊ, लेकरू बघायला आल्या. त्यांनी उशीखाली हात घातला. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "राहू द्या तो तिकडेच. मला नको."

त्यांनी मुलीच्या अंगावरचा हात काढला नाही आणि माझ्यावरची नजरही.

ओसरीवर जाऊन त्या आत्यांशी बोलल्या ते मला भिंतीआडून ऐकू आलं. "पोरले जवळ लेत नही. लोखंडले भी ऱ्हायनी. हाई बाहेरनं शे. इले भगतले दखाडा. आन तवपावत पोरले तिनापाशी ठेवू नका."

मी बाजेवर बसून ऐकत होते आणि माझं मलाच पटत होतं. तेच सगळ्यात भयंकर होतं. विळा नको म्हणावं तर लोखंडाला भिणारी. हवा म्हणावं तर तो उशीखाली, लेकरापासून वीतभर लांब. सिनेमात शेवटी हेच निघतं ना, की सैतान पोटात नव्हताच, आईतच होता? मी उठले, खिडकीच्या गजावर तळहात ठेवला आणि चटका बसतो का ते बघितलं. उन्हाने गज तापलेला होता. बसला की चटका! त्या चटक्याचा अर्थ लावत, मराठी घेऊन एमए झालेली मी, खिडकीशी उभी राहिले.

अशा चित्रांना डॉक्टरांकडे नाव आहे, पुष्कळ बाळंतिणींना ती दिसतात, त्यावर उपचार आहेत, आणि त्यांना भिऊन बाळापासून लांब पळणारी आई बाळाचं वाईट चिंतत नसते, हे मला पुढे दवाखान्यात कळलं. त्या दुपारी एवढंच कळत होतं की मुलगी आता माझ्याकडून जाणार, आणि कदाचित जावीच.

थोरल्या सासूबाई गेल्या. आत्या आत आल्या, बाजेच्या पायथ्याशी बसल्या. मुलगी पाळण्यात होती. त्यांनी पदराने वारा घेतला. मग म्हणाल्या, "काय व्हयनं वं?"

मी सांगायला सुरुवात केली. पण तोंडातून निघालं ते शाळेतलं मराठी. "आत्या, माझ्या मनात काही विचार येतात, म्हणजे मला तशी कल्पना..." वर्गात धडा समजावून सांगावा तसं. पुस्तकातल्या शब्दांत ते जरा लांब राहत होतं, माझं नसल्यासारखं.

आत्यांनी हात वर केला. "आपलामां सांग."

आपल्यात. आईशी बोलायचे त्या बोलीत. ती गेल्यापासून घरात त्या बोलीत मी कोणाशी रडले नव्हते.

"मले भेव लागस," मी म्हणाले.

"कसानं?"

"मन्हंच."

माझी मलाच भीती, हे एकदा निघालं आणि मग सगळंच निघालं. विळा, हात, चित्र, कोठीमागे काय लपवलं, गोधड्यांखाली काय लपवलं, मांडी रिकामी का ठेवते. आत्यांचा चेहरा मला वाचता येईना. सिनेमात या जागी समोरचं माणूस गोड हसतं, हो हो म्हणतं, आणि बाहेर जाऊन दाराला कडी घालतं. मी त्या कडीचा आवाज ऐकायला तयार होऊन बसले होते.

आत्या उठल्या. गोधड्यांखालून विळा काढून त्यांनी तो कमरेला खोचला. मग पाळण्याशी गेल्या आणि मुलीला उचललं. नेतायत. बरोबरच आहे, न्यायलाच हवं. मी हात काखेत घट्ट दाबले, उगाच पुढे जायला नकोत म्हणून.

त्या बाजेपाशी आल्या. एका हाताने माझे हात काखेतून ओढून काढले, एक एक करून, जरा जोरातच, आणि मुलगी माझ्या मांडीवर ठेवली.

"इळा मी लई जास," त्या म्हणाल्या. "पोरले तू धर."

"आन थोरल्या आत्या म्हनतस..."

"म्हनू दे तिले. उद्या दवाखानामां जाऊत, मी संगे शे."

आणि त्या निघून गेल्या. एकटी सोडून गेल्या मला, माझ्या लेकरापाशी. दार सताड उघडं होतं. मुलगी चुळबुळली, तोंड उघडून दूध शोधायला लागली. माझे हात तिच्याखाली होते, आणि तिथेच राहिले. थोड्या वेळाने परसातून सपसप आवाज यायला लागला. आत्या शेळीला घास कापत होत्या, त्याच विळ्याने.