मुळासकट आपेंडिक्स

मिरची दाखवून बायको मिळवणारा अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच असन. हासू नोका, अगुदर आयका.

महाराष्ट्र झाला त्या साली अकोल्यात माही आपेंडिक्स काढली. डाक्टर नवा, पद्धत नवी. छेद फक्त दोन बोटं! महिन्यानं अमरावतीले पोरगी पाहाले गेलो. शांता तिचं नाव. मले तं पाहताच पसंत पडली. पण तिच्या बापाचीबी आपेंडिक्स जुन्या डाक्टरनं काढली होती. होणाऱ्या सासऱ्यानं, म्हणजे मामाजीनं, पोहे खाता खाता सदराच वर केला. बेंबीपासून खाली इतभर व्रण!

"आता तुमचा दाखवा, बापू."

दाखोला.

"एवढाच? येच्यातून तं लिंबू नाई निघत!"

"मामाजी, नव्या पद्धतीत मास कापत नाई, बाजूले सारते."

"सारलं अन् परत झाकलं! आपेंडिक्स आतच हाय. असं दुखणं घेऊन फिरणाऱ्याले पोरगी देऊ? काढली असन तं दाखवा. हे पाहा माही!"

फळीवरून बाटली काढली. स्पिरिटात पांढुरकी शेंग.

बाटली मलेबी भेटली होती बाप्पा! पण मायनं इटाळ म्हून मोर्णा नदीत फेकली. आता काय करता? घरी येऊन एक मिरची घेतली, बिया काढल्या, रंग जावा म्हून आठ दिवस स्पिरिटात बुडवली, अन् बसलो एस.टी.त.

मामाजीनं दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या.

"तुमच्यात हे टोकाले काय हाय?"

मेलो! देठ!

"मूळ," मी म्हटलं. चेहरा एकदम गंभीर. "लहान छेदातून मुळासकट येते."

मामाजी पांढरेफटक. "माह्या बाटलीत तं मूळ नाई… म्हणजे माहं आतच राह्यलं?"

घ्या! दुसऱ्या दिवशी मले अन् दोन्ही बाटल्या घेऊन ते अकोल्याले, थेट माह्या डाक्टरसमोर. "माहं मूळ काढा!"

डाक्टरनं बाटल्या उघडल्या, हुंगल्या, चिमट्यानं उलटून पाह्यलं. "अहो, या दोन्ही मिरच्या आहेत."

दोन्ही? माही तं ठीक हाय, पण मामाजीची काहून? मले काईच उमजेना.

मामाजीनं दोन्ही मिरच्या आळीपाळीनं पाह्यल्या. मंग माह्या खांद्यावर हात ठेवला. "बापू, तुमच्या पोटात मिरची, माह्याबी पोटात मिरची! एकाच दुखण्याचे आपण. पोरगी दिली!"

लग्न झाल्यावर शांतेले इचारलं, "मामाजीच्या बाटलीत मिरची आली कुठून?"

"लहानपणी माह्या हातून बाटली फुटली होती. म्हून नव्या बाटलीत मीच मिरची टाकली."

मंग माह्याकडे खालपासून वरपर्यंत पाह्यलं अन् म्हणे, "पण मी आठ वर्साची होती, तरी देठ तोडून टाकली. तुमी तं मॅट्रिक पास ना?"