कुलवृत्तांतातून गाळलेली ताई

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची मागची आवृत्ती निघाली, तेव्हा सिंगापूरच्या कुटुंबांची माहिती मी गोळा केली होती. बँकेतली नोकरी सांभाळून, इथे सिंगापुरातच पासिर रिस भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून पिढ्या जुळवल्या. पुण्यातल्या आमच्या घरचा फॉर्मही मीच भरला. काय शेखी मिरवली होती तेव्हा, आठवलं की लाज वाटते.

आता नवी आवृत्ती निघतेय. त्याच सुमारास मुलीला कॉलेजात नाझी जर्मनीवर प्रोजेक्ट आलं. तिथे सरकारी नोकरी टिकवायची तर वंशात कोणी ज्यू नाही हे सिद्ध करायला आजी-आजोबांपर्यंतची वंशावळ दाखवावी लागे. चर्चच्या वह्यांतून नावं उतरवायची, शिक्के मारून घ्यायचे, त्याची पुस्तिकाच मिळायची. त्या पुस्तिकेचा फोटो मुलीनं लॅपटॉपवर काढला आणि शेजारी आमचा ग्रंथ उघडून ठेवला.

"सेम ला, बाबा," ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "कुठलं कुठे नेऊन जोडतेस? त्यांनी माणसं मारली. आपण फक्त नावं लिहितो."

"मग आत्याचं कुठाय?"

ताईनं जातीबाहेर लग्न केलं. तिचं नाव मी गाळलं. कोणी सांगितलंही नव्हतं; चुलते नाकं मुरडतील म्हणून आपणहून गाळलं. मुलीला म्हणालो, "जागा पुरली नसेल." इतकं खोटं, तेही पोटच्या पोरीशी.

"त्या वह्या उतरवणारेपण साधेच लोक होते, बाबा," ती म्हणाली आणि परत टाइप करायला लागली.

रविवारी मी पुण्याला ताईला फोन लावला. सगळं कबूल केलं. म्हटलं, "या खेपेला तुझं नाव घालतो. भाऊजींचं, मुलांचं, सगळ्यांचं."

ताई शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं रे, तूच गाळलंस ते. आईनं पुस्तक आल्या आल्या चष्मा लावून दोनदा चाळलं. माझं नाव सापडेना. मग मलाच समजावत बसली, की छापखान्याची चूक असणार, माझा मुलगा असं करणार नाही. जाईपर्यंत तिला तसंच वाटत होतं."



"तेव्हा आता घालू नकोस," ताई म्हणाली. "आई होती तेव्हा घालायचं होतंस."