पिल्लं बघायला आलेले काका

आमच्या घरी दोन कॉकर स्पॅनियल कुत्र्या आहेत. दोघींपैकी एकीलाच, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा पिल्लं होऊ द्यायची, असं आम्ही नवरा-बायकोनं पहिल्यापासून ठरवलेलं. आधी तिला पुण्याला नेऊन डोळे आणि खुब्याची हाडं तपासून आणायची, नर नीट पारखायचा, पिल्लं कुणाकडे जाणार ते ठरवायचं, मगच पुढचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे असेल, पण या बाबतीत मला सगळं काटेकोर लागतं. ह्यांना त्याचं हसू यायचं. "मुलीचं लग्न ठरवतानासुद्धा इतकी चौकशी करणार नाहीस तू," म्हणायचे.

त्या वर्षी थोरलीला पाच पिल्लं झाली. शेजारी मागाचा कारखाना होता. तिथल्या वहिनींनी चादरीच्या उरलेल्या सुताचे रंगीत तुकडे दिले, ते मी पाचांच्या गळ्यात सैल बांधले. लाल, हिरवी, पिवळी, निळा आणि पांढरा. दोऱ्याचा रंग हीच त्यांची ओळख. साडेपाच आठवड्यांची झाली तेव्हा मार्च संपत आला होता. पहिली लस गुरुवारी द्यायची ठरली होती.

त्याआधीच्या रविवारी सकाळी जवळच्या होटगी गावाहून एक काका-काकू आले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलगा-सून बंगळुरात, घरात दोघंच. फोनवर त्यांचं बोलणं इतकं अदबीचं होतं की मला ते आधीच आवडले होते. चपला त्यांनी न सांगता फाटकाबाहेर काढल्या. मी हात धुवायला साबण दिला, दोघांनीही धुतले. मग मी माझी प्रश्नांची वही उघडली. अंगणाला कुंपण आहे का, दुपारी घरात कोण असतं, पुढे पिल्लं काढायचा विचार आहे का. काका शांतपणे उत्तरं देत होते.

"याआधी कुत्रा होता का?"

"व्हता की. म्हातारा हुन गेला बिचारा. त्याला लई दिस झालं."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. मला वाटलं, आठवण आली असेल.

पिवळी काकांच्या मांडीवर चढली आणि तिथेच झोपली. अर्धा तास त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. बाकीची त्यांच्या पँटच्या कडा चावत होती, बोटं चाटत होती. मी समोर बसून कौतुकानं बघत होते.

जाताना काका स्कूटर वळवायला पुढे गेले. काकू फाटकाशी थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"आमचं बी असंच व्हतं बगा बाई, चार म्हैन्यांचं. एवढुसं. खाणं सोडलं, उलट्या काय, रक्त काय. चार दिसांत गेलं. मागल्या सोमवारीच की."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"काकू, काका तर म्हणाले म्हातारा होऊन गेला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. काका स्कूटरवर बसलेले. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं, पण मान काही त्यांनी वर केली नाही. "चल, ऊन व्हायलंय," एवढंच म्हणाले. काकू घाईनं मागे बसल्या आणि स्कूटर गेली.

पार्वो. लस न झालेल्या पिल्लांना होणारा, आतडी सोलून काढणारा रोग. कपड्यांवरून, चपलांवरून, मातीवरून येतो. मी आत धावले. पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती.

डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो, पण फोनवर माझा आवाज ऐकून ते घरीच आले. त्यांनी आल्या आल्या पाचही पिल्लांना लस दिली.

"आज देऊन आजच उपयोग होतो असं नाही, मॅडम. संसर्ग झाला असेल तर तो आधी पोचला. पण देऊन ठेवू. आता आठ-दहा दिवस नुसतं बघायचं. कुणी खायला टाळलं की मला फोन."

आम्ही पायऱ्या, व्हरांडा, खुर्च्या ब्लीचच्या पाण्यानं धुतल्या. पिल्लांची चादर बदलली, भांडी उकळली. मी दिवसातून दोनदा प्रत्येकाचा ताप बघून वहीत लिहायचे. सोमवार ते गुरुवार काहीच झालं नाही. शाळेत पेपर तपासताना एकच ओळ तीनदा वाचायचे. मधल्या सुट्टीत घरी फोन. ह्यांनी त्या आठवड्यात रजा घेतली होती.

"खाल्लं?"

"खाल्लं सगळ्यांनी. निळ्यानं दुसऱ्याच्या वाटीतलंही."

"पिवळी?"

"ती पण. तू वर्गावर जा आता."

ह्यांचं म्हणणं होतं की होटगीला फोन करून विचारावं, त्यांच्या पिल्लाला नेमकं काय झालं होतं. मी नाही म्हटलं. मला त्या माणसाचा आवाज ऐकायचा नव्हता. रागापेक्षाही जास्त मला लाज वाटत होती, पण ती ह्यांना सांगता येत नव्हती. इतक्या चौकशा करणारी मी, फोनवरच्या अदबशीर बोलण्याला भुलले होते. पहिली लस होईपर्यंत परक्या माणसाला पिल्लांजवळ येऊ द्यायचं नाही, हा माझाच नियम होता, आणि तो मीच मोडला होता.

शुक्रवारी सकाळी पाच वाट्या ठेवल्या. चौघं तुटून पडली. पिवळी वाटीपर्यंत आली, वास घेतला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्या लांब कानांची टोकं फरशीला टेकली होती. मी ताप बघितला. मग ह्यांना हाक मारली.

दुपारपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी लाल आजारी पडला, शनिवारी पहाटे निळा. डॉक्टरांनी इतक्या लहान पिल्लांना दवाखान्यात न ठेवता घरीच सलाईन लावायचं ठरवलं. खिडकीच्या गजांना बाटल्या टांगल्या. तिघांना वेगळ्या खोलीत, हिरवी आणि पांढरा त्यांच्या आईजवळ. आता मीही रजा टाकली; मी आजाऱ्यांच्या खोलीत, हे निरोग्यांच्या. दारात ब्लीचच्या पाण्याची परात, दोघांचे कपडे वेगळे. एकाच घरात राहून आम्ही एकमेकांशी उंबऱ्यावरून बोलत होतो. त्या खोलीतला वास मला अजून आठवतो, गोडसर आणि कुजका.

शनिवारी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. बघते तर काका.

"आत पाऊल टाकू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या कारखान्यातून दोन माणसं बाहेर आली.

काका रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून बोलू लागले. टोपी हातात घेतली होती.

"बाई, मी खोटं बोललो. खरं बोललो असतो तर तुमी आत घेतलं नसतं."

"नसतंच घेतलं! तीन पिल्लं सलाईनवर आहेत. ज्या पिवळीला तुम्ही मांडीवर घेऊन बसलात ना, तिला उभं राहता येत नाहीये."

ते टोपी नुसती फिरवत राहिले. मग म्हणाले, "हिनं आठ दिस माज्याशी बोलणं टाकलंय. काय आणायचं आसंल तर सांगा. मी आत येत न्हाय. हितंच हुबा ऱ्हातो."

मी दार लावून घेतलं. पण सलाईनच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या, आणि आम्हा दोघांपैकी कुणालाच घर सोडता येत नव्हतं. दहा मिनिटांनी मी दार उघडलं. ते उन्हात तसेच उभे होते. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी मी दगडाखाली ठेवली आणि मागे सरले. त्यांनी ती उचलली आणि स्कूटर काढली.

पुढचे चार दिवस ते रोज आले. पिशवी फाटकाला अडकवायची, घंटा वाजवायची आणि पलीकडे जाऊन उभं राहायचं. बाटल्या, सुया, बर्फ, एकदा काकूंनी आमच्या दोघांसाठी दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाचटणी. मला त्यांचा राग येत होता आणि घंटेची वाटही मीच बघत होते.

सोमवारी दुपारी पिवळी गेली. मी तिला हातात धरलं होतं. श्वास लांबत लांबत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. थोड्या वेळानं घंटा वाजली. मी बाहेर जाऊन नुसती मान हलवली. काका रस्त्याच्या कडेला खाली बसले आणि टोपी तोंडावर धरली. मला त्यांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. आठवडाभर मनात जुळवलेलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

बुधवारी निळ्यानं माझ्या बोटावरचं पेजेचं पाणी चाटलं. गुरुवारी लालनं. हिरवीला आणि पांढऱ्याला शेवटपर्यंत काही झालं नाही. रविवारच्या लसीनं की आईच्या दुधानं, डॉक्टरांनाही सांगता येईना. पिल्लं ज्यांच्याकडे जायची होती त्या सगळ्यांना मी फोन करून जे झालं ते खरं सांगितलं आणि दोन महिने थांबायला सांगितलं. एका घरानं नको म्हटलं. बाकीचे थांबले. तिसरी लस झाल्यावरच एकेक पिल्लू दिलं.

मेमध्ये काका परत आले. या वेळी काकू बरोबर होत्या. दोघं फाटकाबाहेरच उभे.

"आमाला देता का म्हणून इचारायला आलो न्हाय," काका म्हणाले. "बाकीची कशी हायत ते इचारायला आलो."

मी सांगितलं. मग हेही सांगितलं की त्यांच्या अंगणात वर्षभर तरी लहान पिल्लू आणणं धोक्याचं आहे, मी काय, कुणीच देऊ नये.

"बरूबर हाय," ते म्हणाले. काकूंनी फक्त मान डोलावली.

दीड वर्षानं पांढरा आमच्याकडे परत आला. ज्यांनी नेला होता त्यांना परदेशी जायचं होतं, आणि पिल्लू सांभाळता आलं नाही तर माझ्याकडेच आणायचं, असं मी प्रत्येकाकडून लिहून घेते. मोठा, शहाणा, सगळ्या लसी झालेला कुत्रा. तीन कुत्री ठेवणं आम्हाला झेपणारं नव्हतं. दोन दिवस मी फोन हातात घेत होते आणि खाली ठेवत होते.

"करायचा तर कर," हे म्हणाले. "नाहीतर मी दुसरं घर बघतो. पण त्यांनी उन्हात चार दिवस काढले, ते मी पाहिलंय."

आम्ही होटगीला गेलो. काकांनी अंगणात फरशी घातली होती, कुंपणाची जाळी नवी होती. पांढरा गाडीतून उतरला, सगळ्या अंगणाचा वास घेतला आणि स्वयंपाकघरात काकूंच्या पायाशी जाऊन बसला. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माहेरच्या कन्नडमध्ये त्याच्याशी काहीतरी बोलू लागल्या. काका दारात उभे होते, आत यायला अजून संकोचल्यासारखे, स्वतःच्याच घरात.

"या की काका," मी म्हटलं. ते आत आले.